अधिकाचं भाडं

त्या गुरुवारच्या मीटिंगमधून आपल्याला काय काय मिळणार, ते सुमंतने साताऱ्याहून निघाल्यावर कराड यायच्या आतच एसटीच्या तिकिटामागे मांडून ठेवलं होतं. विद्यापीठाने बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला नवा पेपर आणला होता, कॉम्प्युटरवर शिकायच्या वित्तगणिताचा. तो घेणारी कॉलेजं चौऱ्याऐंशी; त्यांनी कुठला प्रोग्राम लावायचा ते ही मीटिंग ठरवणार होती. सुमंतने केलेला ‘अर्थवेध’ हा प्रोग्राम पुण्याचा प्रकाशक दर कॉलेजला चोवीसशे रुपयांना विकणार, त्यातले चारशे ऐंशी लेखकाचे, म्हणजे झाले चाळीस हजार तीनशे वीस. त्याखाली रेघ. रेघेखाली आकड्यात न बसणाऱ्या बाबी: पुढच्या वर्षीचं विभागप्रमुखपद, अभ्यास मंडळावर कायमची जागा, वाईच्या सासुरवाडीत जरा वरच्या पाटावर बसणं. आणि सगळ्यात खाली, अक्षर बारीक करून, नुसतं ‘ऋ.’. तिकीट एवढंसं, ‘ऋ.’पुढे लिहायला जागा उरली नव्हती, आणि लिहायची गरजही नव्हती. ऋचा हरायला हवी होती, एवढंच. पहिल्या तीन बाबी त्याने कुणालाही सांगितल्या असत्या. ही चौथी तो स्वतःलासुद्धा अर्धीच सांगत होता.

साडेचारला सांगलीच्या कॉलेजातली मीटिंग संपली तेव्हा चारही बाबी जमेला पडलेल्या होत्या. खिशात कोरा कागद होता, त्याखाली अध्यक्षांची सही होती. अहवाल त्यानेच लिहायचा होता. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात अनारशांचा डबा, असा तो जिना उतरत होता आणि वळणावर ऋचा उभी होती. तिशीची, काटकुळी, याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारी; दहा वर्षांपूर्वी साताऱ्यात त्याच्याच वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची. तो वाट बघत होता की ती आता रडेल किंवा भांडेल. दोन्हीला उत्तरं तयार होती. ती म्हणाली, “सर, ‘अर्थवेध’मध्ये वर्षाला तेरा खण आहेत. शेअरबाजाराला तेरावा महिना कधीपासून लागला?”

“जास्तीची जागा ठेवावी लागते,” तो म्हणाला.

“हो. अधिकाची,” ती म्हणाली, आणि बाजूला होऊन तिने त्याला वाट दिली.

एवढंच. रिक्षात बसल्यावर त्याने डबा मांडीवर घेतला आणि त्याच्या लक्षात आलं की आपण डबा असा धरलाय जसा कुणी हिसकावून घेणार आहे. बाई आगाऊ आहे, त्याने ठरवलं. विद्यार्थिनी म्हणूनही आगाऊच होती. वर्गात प्रश्न विचारायची, आणि तो उत्तर द्यायला लागला की वहीत न लिहिता त्याच्या तोंडाकडे बघत बसायची, उत्तर कुठून निघतंय ते शोधत असल्यासारखी. मग पुण्यात कॉम्प्युटर शिकली, परत आली, आणि तिने तो प्रोग्राम लिहिला. नाव काय ठेवावं, तर ‘झाड’. मुळाशी हळदीचा आजचा भाव. दर महिन्याला त्याला दोन फांद्या, भाव चढला तर वरची, उतरला तर खालची. वर्षाच्या टोकाला पोचायचं आणि मग उलटं मुळाकडे परत यायचं, प्रत्येक फांदीवर थांबून विचारायचं, आता विकावं की थांबावं, आणि असं करत करत काढायचं की पुढे ठरल्या भावाला विकण्याच्या नुसत्या हक्काची आज किंमत काय. मुंबई-न्यूयॉर्कचे लोक ज्याला ऑप्शन म्हणतात ते सांगलीच्या पोरांना तिने हळदीवर शिकवलं. इथपर्यंतही ठीक होतं. पण तिने ते फुकट वाटलं, आणि तेही उघडं. फ्लॉपीवर प्रोग्राम, शेजारी त्याचा सगळा सोर्स, वर चार ओळी: घ्या, उघडा, बदला, पुढच्याला द्या, फक्त वरची नावं पुसू नका आणि तुमचा बदलही असाच उघडा ठेवा. परदेशात असं करतात म्हणे. मेढ्याच्या कॉलेजातल्या कुणी त्यात भात घातला, खंडाळ्याच्या कुणी कांदा, आणि ज्याने जे घातलं त्याचं नाव वर चढलं. सुमंतला हे वाचूनच खाज सुटायची. पैसे मागणाऱ्या माणसाशी घासाघीस करता येते. फुकट देणाऱ्याशी भांडायचं कसं, हे त्याला कधी कळलं नव्हतं. त्याच्यासमोर उभं राहिलं की आपलाच खिसा फुगलेला दिसायला लागतो.

दोन वर्षांपूर्वी त्यानेही तिच्याकडून फ्लॉपी मागून घेतली होती. तिने ती कागदी पाकिटात घालून दिली होती, वर ‘सरांना’ असं लिहून. त्या उन्हाळ्यात त्याने साताऱ्याच्या घरी खोलीचं दार लावून घेतलं आणि ‘अर्थवेध’ केला. हळदीच्या जागी शेअर आणला, साठवणीच्या भाड्याच्या जागी बँकेचं व्याज, आणि सोर्सला कुलूप घातलं. वरच्या ओळी त्याने पहिल्याच दिवशी न वाचता उडवल्या. ही त्याची जुनी सवय; ज्या ओळी चालत नाहीत त्या ओझं, असं तो वर्गातही सांगायचा. मधली एक ओळ सापडली होती, अधिक महिना आला तर भाडं शून्य धरा अशी. ती त्याने स्वतःच्या प्रोग्रामातून काढली आणि डोक्यात जपून ठेवली. खण मात्र तेराच राहिले. एक खण काढला की झाड टोकाला जाऊन अडकायचं, आणि का अडकतं ते त्याला कळलं नव्हतं. शेवटी त्याने ते तसंच ठेवलं, वर बरा रंग दिला. कुलपाआड कोण मोजायला बसलंय.

त्या जपून ठेवलेल्या ओळीचा आज त्याने वापर केला होता. रिक्षा बसथांब्याशी अडली तेव्हा सुमंत तो क्षण पुन्हा एकदा चाखायला बसला. समितीत पाच जण. अध्यक्ष लालासाहेब, आटपाडीकडच्या एका कॉलेजचे प्राचार्य, इंग्रजी उत्तम येत असून मुद्दाम गावाकडचं बोलणारे. समोरच्याला सैल करायची त्यांची ती युक्ती होती. दोन्ही प्रोग्राम बघून झाल्यावर ते म्हणाले होते, “आवं सर, ही पोरगी फुकट देतीया आन् तुमी चोवीसशे मागताय. मग आमी हिकडं काय बघायचं? कुलूप लय भारी हाय म्हणून पैसं द्यायचं व्हय?”

सगळे हसले होते. सुमंतही हसला होता, बरोबर तेवढंच. मग त्याने छापलेला एक कागद टेबलावर सरकवला. “फुकटात काय मिळतं ते बघा. हा मॅडमचा सोर्स. अधिक महिन्यात साठवणीचं भाडं शून्य. यंदा अधिक ज्येष्ठ होता, परवाच संपला. हळद त्या महिन्यात हवेत तरंगत होती का?”

“म्हंजे एक महिन्याचं भाडं गेलं कुटं? उंदरानं खाल्लं?” लालासाहेबांनी विचारलं.

“हेच विचारतोय. पोरं हे शिकून बँकेत गेली तर हसं होईल. ही ओळ लिहिणाऱ्याला वित्त सोडा, कॅलेंडरसुद्धा कळत नाही. हे आडतीवरच्या कारकुनाचं गणित आहे.”

ऋचा म्हणाली, “सर, तिच्या खालची ओळ पण बघा ना. दोन्ही मिळून एक नियम आहे.”

“नियम? कुणी सांगितला हा नियम? पुस्तक सांगा. माणूस असेल तर माणूस सांगा.”

आणि इथे ती थांबली. त्याने तिला कधी अशी थांबलेली पाहिली नव्हती. तिने टेबलाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि हळू विचारलं, “सोर्सच्या वरच्या ओळी वाचल्या होत्या का सर तुम्ही?”

“वरच्या ओळी कॉम्प्युटरसुद्धा वाचत नाही मॅडम. मी कशाला वाचू?”

पुन्हा हशा. तो हशा ओसरल्यावर ती म्हणाली, “मग चूक माझी समजा.” लालासाहेबांना पाचची गाडी होती, कोऱ्या कागदावर सही ठोकत ते म्हणाले, “लिवा तुमीच. पण सर, येक सांगू का, पोरगी खोटं बोलली. चूक तिची न्हवती.” आणि छत्री घेऊन गेले. असल्या बोलण्याला काही अर्थ नसतो. गाडी गाठायची घाई असलेला माणूस जाता जाता काहीतरी खोल बोलून जातो, म्हणजे पुढच्या मीटिंगला भत्ता मिळतो.

पण तेरा खण. आता रिक्षा गावभागाकडे, वडिलांच्या घराकडे, वळली होती आणि कुठून तरी तो वास आला. दुसऱ्या कुणाला तो आला नसता. दळलेल्या हळदीचा सगळ्यांना येतो; सुमंतला आला तो उकडून वाळवलेल्या, अजून न दळलेल्या, पोत्यातल्या हळकुंडांचा, जरा मातीचा, जरा औषधाचा. त्याच्या लहानपणाला हाच एक वास होता. वडील विष्णुपंत चाळीस वर्षं एका हळदीच्या आडतीवर दिवाणजी होते. धोतराचा काठ पिवळा, नखं पिवळी, कानावर लावलेला टाक पिवळा. शाळेत पोरं सुमंतला ‘हळद्या’ म्हणायची, आणि एकदा मास्तरांनीही हजेरीत तसंच म्हटलं होतं. त्याने घरी येऊन वडिलांना सांगितलं, तर ते हिशेबातून मान वर न करता म्हणाले, “मग ‘हजर’ म्हणालास ना?” त्या दिवशी त्याने ठरवलं होतं की आकडेच करायचे तर असे करायचे की त्यांचा रंग हाताला लागणार नाही. आणि केलेही. सातारा, एम.कॉम., लेक्चररशिप, वाईची बायको. दर दोन महिन्यांनी सांगलीला फेरी, अर्धा तास बसणं, औषधांच्या चिठ्ठ्या वाचणं. आईच्या मागे अण्णा एकटे राहतात, भडंगाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, हरणाबाई येऊन स्वयंपाक करून जाते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस दिवसभर काय करतो, हे विचारायचं त्याने ठरवून टाळलं होतं. विचारलं की उत्तर येतं, आणि उत्तर आलं की काहीतरी करावं लागतं.

एकदा, तो नऊ वर्षांचा असेल, अण्णा त्याला हरिपूरला घेऊन गेले होते, पेव उघडायला. जमिनीत खोल खड्डा, आत सगळ्या बाजूंनी उसाचा पाला लावलेला, त्यात हळद भरून तोंडावर माती लिंपलेली. वरून बघणाऱ्याला नुसतं शेत. हमालांनी माती काढली, तोंड मोकळं झालं आणि आतून एक गरम, जड श्वास वर आला. सुमंत वाकून बघायला पुढे झाला तर अण्णांनी मनगट धरलं. दोराला कंदील बांधून आत सोडला. तो खाली खाली गेला, पिवळा उजेड पाल्यावरून घसरत गेला, आणि मग विझला. कुणी फुंकर मारली नाही, वारा नाही, नुसता विझला. हमाल, आतली वाईट हवा निघून जाईपर्यंत, निवांतपणे विड्या ओढायला बसले. “थांबायचं,” अण्णा म्हणाले. किती वेळ, हे त्यांनी सांगितलं नाही. ते मनगट त्याला अजूनही कधी कधी, वर्गात फळ्यावर लिहिताना, धरल्यासारखं वाटतं. त्याचा त्याला राग येतो. धरून ठेवणाऱ्याने निदान किती वेळ ते सांगावं.

भडंगाच्या दुकानासमोर रिक्षा थांबली. रिक्षावाल्याने तीन रुपये जास्त मागितले आणि सुमंतने भांडून दोन दिले. जिन्यात हरणाबाई भेटली, पदर खोचलेला, हातात रिकामी चरवी.

“आवं सायेब, किती उशीर. आन्ना सकाळधरनं दारात हायती,” ती म्हणाली. “जेवलं न्हाईत धड. म्हणत्यात कसं, हरणे, आज माज्या पोराची आन् माज्या पोरीची येकाच दिवशी परीक्षा हाय.”

“पोरीची? कसली पोरगी?”

“ती कालिजातली वं. ऋचाबाई. दर गुरवारी रिक्षा धाडती आन्नास्नी न्ह्यायाला. पोरं गोळा हुत्यात, ह्ये सांगत्यात पेवाचं, हळदीचं. लय खुशीत येत्यात घरी. आज तुमची मीटिंग म्हणून न्हाई गेलं.”

सुमंत पायरीवर तसाच उभा राहिला. डबा दुसऱ्या हातात घेतला. खालून भडंगात लसूण पडल्याचा वास आला. परत फिरावं, सहाची सातारा गाडी मिळेल, असा हिशेब डोक्यात पुरा झालासुद्धा. पण वरून अण्णांचा आवाज आला, “सुमंत का?” आणि तो हजर म्हटल्यासारखा वर गेला.

खोलीत काही बदललेलं नव्हतं. खाट, पाण्याचा माठ, खिळ्याला पंचांग. पंचांगाशेजारी मात्र एक नवा कागद डिंकाने चिकटवलेला होता, दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या असलेला, ठिपक्याठिपक्यांच्या इंग्रजी अक्षरांत छापलेला. त्याने लांबूनच ओळखला. ‘झाड’चं पहिलं पान. वरच्या ओळी. एकेका बदलापुढे एकेक नाव: भात, मेढा, कांदा, खंडाळा, आणि सातव्या ओळीत, ‘अधिक महिन्याचा नियम: विष्णुपंत दिवाणजी, सांगली’. त्या ओळीखाली लाल शाईची रेघ होती, पट्टीने मारलेली, जमाखर्चाच्या वहीत बेरजेखाली मारतात तशी दुहेरी. चाळीस वर्षं ज्याने दुसऱ्याच्या वहीत दुसऱ्याच्या नावाने लिहिलं त्याचं स्वतःचं नाव छापलेलं, सुमंतने उभ्या आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. लग्नपत्रिका सोडून. आणि या ओळी त्याच्याकडे दोन वर्षं होत्या. नव्हत्या, उडवल्या होत्या.

“बस,” अण्णा म्हणाले. “डब्यात काय?”

“अनारसे. वाईहून आले होते, अधिकाचे.”

“तेहतीस दिले असतील जावयाला.”

“अकरा आहेत. बाकीचे संपले.”

“म्हणजे महिना खाल्लास,” अण्णा म्हणाले. हसले की काय, ते मिशीमुळे कळलं नाही. “काय झालं मीटिंगचं?”

सुमंतने ठरवलेलं वाक्य काढलं, समितीने सर्वांगीण विचार करून वगैरे. बोलताना त्याला जाणवत होतं की आपला आवाज वर्गातला झालाय. अण्णा ऐकत होते, पिवळी नखं गुडघ्यावर. आठ वर्षं झाली पेढी सोडून, नखं अजून तशीच.

“आणि माझ्या ओळीला काय म्हणाले?”

“चूक आहे म्हणाले.”

“कोण म्हणालं?”

“सगळेच.”

“सगळे असं खातं नसतं, सुमंत. कुठल्या नावावर घालू?”

सुमंतला राग आला, स्वच्छ, मोठा, बरं वाटावं असा राग. या माणसाने गेली दोन वर्षं दर गुरुवारी रिक्षात बसून जायचं, परक्या पोरांपुढे तोंडभर बोलायचं, आणि मुलाला अक्षर सांगायचं नाही. वर परीक्षा घ्यायची. “माझ्या,” तो म्हणाला. “मी म्हणालो. मला काय माहीत ती तुमची ओळ आहे? सांगायचं नाही तुम्ही? तिने तरी सांगायचं.”

“तिला मीच म्हणालो होतो, मुलाच्या सभेत माझं नाव काढायचं नाही. तुला अडचण व्हायला नको. बाप म्हणून पास केलं असं कुणी म्हणायला नको.” अण्णांनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. “आणि वाचशीलच, असं धरून चाललो होतो. वर लिहिलंय. मी तर कुठलाही कागद वरूनच वाचायला लागतो.”

मग त्यांनी नियम सांगितला. न विचारता, आणि मुलाला नव्हे, गुरुवारच्या पोरांना सांगत असल्यासारखा, भिंतीकडे बघत. त्यांच्या आडतीत अधिक महिन्यात पेव उघडत नसत. अधिकात नवं काही करायचं नाही, सौदा नाही, माल काढायचा नाही. भाव मात्र कुणासाठी थांबत नाही, तो चढतो-उतरतो. मालकाचं म्हणणं, महिना झाला, भाडं द्या. एका साली विष्णुपंत उभे राहिले आणि म्हणाले, ज्या महिन्यात माणसाला आपला माल काढायचा हक्क नाही त्या महिन्याचं भाडं कसलं घेता? हक्क बंद तर भाडंही बंद. दोन ओळी आहेत त्या, एकीला दुसरी लागून. मालकाने ऐकलं, आणि त्या दिवाळीला दिवाणजींची पगारवाढ राहिली. “ऋचाला सांगितलं तर ती टाळ्या वाजवायला लागली,” अण्णा म्हणाले. “म्हणाली, आजोबा, असा ऑप्शन कुठल्या पुस्तकात नाही. मला ऑप्शन म्हणजे काय ते तोवर माहीत नव्हतं. तिने झाडावर दाखवलं. एक खण असा, की भाव हलतो पण माणसाला हलता येत नाही.”

सुमंतला ते गणित एका क्षणात दिसलं, सगळंच, खालच्या ओळीसकट. झाड टोकाला जाऊन का अडकायचं तेही; राहून गेलेली खालची ओळ तो तेरावा खण शोधायची. आणि ते सुंदर होतं. हीच गोष्ट त्याला सहन होईना. चुकीचं असतं तर त्याने माफ केलं असतं. त्याने घाम पुसायला खिशातून रुमाल काढला, त्याबरोबर तो कागद बाहेर आला आणि खाटेवर पडला. अण्णांनी उचलला, उजेडाकडे धरला, दोन्ही बाजूंनी पाहिला.

“सही आधी आणि मजकूर नंतर?”

“अहवाल उद्या लिहायचाय.”

“म्हणजे अजून लिहिला नाहीस.” त्यांनी कागद घडीवर घडी घालून परत दिला. काही मागितलं नाही. मागितलं असतं तर सुमंतने नाही म्हटलं असतं आणि प्रकरण मिटलं असतं. त्याऐवजी त्यांनी मनगट धरल्यासारखा तो कागद त्याच्या हातात ठेवला, किती वेळ सांभाळायचा ते न सांगता.

“एक करता येईल,” सुमंत म्हणाला. त्याचं त्यालाच ऐकून हायसं वाटलं. तोडगा निघाला की त्याला नेहमी आपण मुळात चांगले आहोत असं वाटायचं. “मी हा नियम ‘अर्थवेध’मध्ये घालतो. दोन्ही ओळी. आणि तुमचं नाव घालतो. पूर्ण, आडनावासकट. चौऱ्याऐंशी कॉलेजांत जाईल ते, तिचा प्रोग्राम दहा ठिकाणी पण नाही जाणार.”

“कुठे घालशील?”

“सोर्समध्ये. वर.”

“दिसेल?”

“कुणाला?”

“पोरांना. वाचता येईल?”

“सोर्स बंद आहे अण्णा. प्रकाशकाचं ते. पण असेल ना तिथे.”

विष्णुपंतांनी त्या भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. “म्हणजे पेवात घालणार,” ते म्हणाले. “वरून शेत. मग राहू दे. असल्या साठवणीचं भाडं मला परवडायचं नाही.” आणि हरणाबाईने आणलेला चहा त्यांनी मुलाकडे सरकवला. “पी आणि नीघ. साडेसातची मिळेल.”

तो निघाला. गाडीत खिडकीशी बसून, इस्लामपूर मागे पडेपर्यंत, तो मनातल्या मनात अण्णांशी भांडत होता आणि प्रत्येक वेळी जिंकत होता. जिन्यावरची ऋचा तेवढी मध्ये मध्ये यायची. तेरा खणांचं ती मीटिंगमध्ये बोलू शकली असती. नुसतं मोजून दाखवलं असतं तर त्याची चोरी तिथेच उघडी पडली असती. पण खण कशाचा ते सांगायला नियम सांगावा लागला असता, आणि नियम कुणाचा ते सांगायला नाव. त्याने ज्याला नुकतंच कारकून म्हटलं होतं त्याचं. तिने त्याला वाचवलं नव्हतं, अण्णांना वाचवलं होतं. तो फक्त त्यांच्या आडोशाला सापडला होता. हे त्याला कराडच्या स्टँडवर, उकडलेल्या शेंगांची पुडी उघडताना, इतकं लख्ख कळलं की त्याने पुडी तशीच शेजारच्या माणसाला देऊन टाकली. तो म्हणाला, “का वं, खारट हायती का?” दुसऱ्या दिवशी साताऱ्यात, सकाळी दहाला, त्याने अहवाल लिहिला. चांगलं अक्षर काढून, ठरला होता तसा.

आता हिशेब. पेपर घ्यायला शेवटी एकसष्टच कॉलेजं पुढे आली. त्यांनी मिळून एक लाख शेहेचाळीस हजार चारशे भरले आणि ते पोरांच्या फीमध्ये कॉम्प्युटर-शुल्क म्हणून वाटून लावले. पोरांनी भरले, पावती न वाचता. सुमंतला एकोणतीस हजार दोनशे ऐंशी मिळाले आणि विभागप्रमुखपद मिळालं. वाईला पाट होता तिथेच राहिला. लालासाहेबांची एक सही खर्ची पडली. ऋचाचे तास जुलैत कमी केले, ऑगस्टमध्ये बंद झाले. ती पुण्याला गेली आणि तिथे तिला तिप्पट पगार मिळतो असं कळलं, त्यामुळे तिला कुठल्या बाजूला घालावं ते सुमंतला ठरवता आलं नाही. ‘झाड’च्या फ्लॉप्या मेढ्यात, खंडाळ्यात आहेत म्हणे अजून. गुरुवारची रिक्षा यायची थांबली. स्वतः सुमंतने अजून काहीच दिलेलं नव्हतं, आणि हे त्याला गणपतीपर्यंत खूप बरं वाटत होतं.

नवरात्रात एसटीच्या पार्सलने एक पुडकं आलं. वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने आवळलेलं. आत वाईचा अनारशांचा डबा. कुणाच्या घरचं भांडं परत करायचं तर आपल्याकडे त्यात काही तरी घालून करतात, चार दाणे साखर, एखादं फळ. हरणाबाईसुद्धा चरवी रिकामी परत देत नाही. सुमंतने झाकण काढलं. डबा घासून लख्ख केलेला, कोरडा पुसलेला, रिकामा. सोबत होती ती फक्त सुतळीत खोचलेली पार्सलची पावती. चौदा रुपये. भरणाऱ्याच्या रकान्यात, बोरूने काढावं तशा अक्षरात, आडनावासकट, अण्णांचं पूर्ण नाव.